कागदापासून सावजापर्यंत : एअर रायफलचा छंद कसा सुरू करावा

एअर रायफल घेऊ पाहणारा नवखा माणूस सहसा पहिला प्रश्न विचारतो तो हा, की ही बंदूक किती लांब मारते. या प्रश्नाचे उत्तर त्याच्या फारसे उपयोगाचे नसते. हलकासा छर्राही नळीतून सुटल्यावर शेकडो मीटर जाऊ शकतो आणि म्हणूनच तो धोकादायक असतो. पण नेम धरलेल्या जागी तो किती अंतरापर्यंत हमखास बसेल, हे जाहिरातीतल्या आकड्यावर ठरत नाही. ते रायफल, छर्रा, वारा आणि मुख्यतः रायफलीमागे बसलेला माणूस यांवर ठरते. ते अंतर कागदावर मोजता येते, आणि ते मोजून होईपर्यंत जिवंत प्राण्यावर रायफल रोखू नये, या एका नियमाला धरून पुढचे सगळे लिहिले आहे. कागदावरची नेमबाजी आणि छोट्या प्राण्यांची शिकार हे एकाच छंदाचे दोन टप्पे मानले जातात खरे, पण अनेकांना पहिल्या टप्प्यातच इतका रस वाटतो की ते दुसऱ्याकडे वळतच नाहीत.

कायदा आणि जागा

रायफल विकत घेण्यापूर्वी आपण राहतो तिथला कायदा स्वतः वाचावा; विक्रेत्याच्या किंवा मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. नियम देशागणिक बदलतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये नळीच्या तोंडाशी १२ फूट-पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण १६ ज्यूलपर्यंत ऊर्जा देणाऱ्या एअर रायफलला बंदुकीचे प्रमाणपत्र लागत नाही, तर शेजारच्या स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून त्याच रायफलीसाठी प्रमाणपत्र लागते. जर्मनीत परवान्याविना मिळणाऱ्या रायफलींची मर्यादा ७.५ ज्यूल आहे. शिकारीचे नियम तर याहून वेगळे आणि अधिक कडक असतात : कोणता प्राणी, कोणत्या महिन्यांत, कोणाच्या जमिनीवर आणि कोणत्या हत्याराने मारता येईल हे प्रत्येक ठिकाणी निराळे असते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार छंद म्हणून वन्य प्राणी-पक्ष्यांची शिकार करता येत नाही, त्यामुळे तिथल्या वाचकाने या लेखातला सावजाविषयीचा भाग केवळ माहिती म्हणून वाचावा आणि आपला सराव कागदावर व लोखंडी लक्ष्यांवर करावा. जिथे शिकारीला परवानगी आहे तिथेही जमीनमालकाची संमती लेखी घेतलेली बरी. तोंडी संमती देणारा माणूस घरी नसताना त्याच्या शेजाऱ्याने पोलिसांना बोलावले, तर दाखवायला हातात काहीतरी असावे लागते.

कोणती रायफल घ्यावी

एअर रायफलींचे प्रकार हवा कशी दाबली जाते यावरून पडतात. स्प्रिंगच्या रायफलीत नळी खाली वाकवली, किंवा काही रायफलींत बाजूची दांडी ओढली, की आतला दट्ट्या मागे सरकतो आणि स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते आणि दट्ट्यासमोर क्षणात दाबली गेलेली हवा छर्ऱ्याला नळीबाहेर ढकलते. काही रायफलींत स्प्रिंगऐवजी बंद नळकांड्यातला वायू हेच काम करतो. दुसऱ्या प्रकारात हवा आधीच भरून ठेवलेली असते. रायफलीच्या टाकीत २०० ते ३०० बार (बार हे दाबाचे एकक) दाबाची हवा असते आणि एकदा भरल्यावर कित्येक छर्रे झाडता येतात. ही कल्पना नवी वाटते, पण ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे १७८० च्या सुमारास अशी टाकीची रायफल होती, आणि लुइस व क्लार्क या अमेरिकन शोधप्रवाशांनी १८०४ ते १८०६ या काळात उत्तर अमेरिका ओलांडताना एक एअर रायफल बरोबर नेली होती. तिसरा प्रकार छोट्या कुपीतल्या कार्बन डायऑक्साइडवर चालतो. थंडीत या वायूचा दाब उतरतो आणि त्याबरोबर छर्ऱ्याचा वेगही, म्हणून तो उबदार जागी केलेल्या सरावापुरता ठीक आहे.

माझे मत विचाराल तर नवख्याने मध्यम ताकदीची, नळी वाकवून भरायची स्प्रिंगची रायफल घ्यावी. ती स्वस्त आणि स्वयंपूर्ण असते, पंप किंवा टाकी बरोबर न्यावी लागत नाही, आणि धरण्यातली प्रत्येक चूक ती कागदावर दाखवून देते. हाच तिचा दोष आणि हाच तिचा गुण. सर्वांत जास्त वेग देणारी दणकट रायफल मात्र पहिली म्हणून घेऊ नये. ती ताणायला इतका जोर लागतो की वीस बारांनंतर हात थरथरू लागतात, आणि तिचा झटका नवख्याला सांभाळता येत नाही. शिवाय जाहिरातीत मिरवलेला वेग बहुतेकदा अतिशय हलक्या छर्ऱ्याने मिळवलेला असतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे; छर्रा त्या वेगाजवळ पोचला की तो हवेत डळमळू लागतो आणि नेम बिघडतो, म्हणून त्या वेगाचा उपयोग फक्त मोठा आवाज काढण्यापुरता.

टाकीच्या रायफलीत झटका जवळजवळ नसतो आणि ती शिकणाऱ्याला लवकर यश देते. एखाद्या क्लबमध्ये अशी रायफल वापरायला मिळत असेल तर सुरुवात तिथे करावी. स्वतःची घेतली तर एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी : तिच्यात फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरायची असते. शुद्ध ऑक्सिजन कधीही भरू नये, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आतल्या तेला-ग्रीसच्या संपर्कात आला की स्फोट होऊ शकतो.

दुर्बीण लावायची असेल तर ती स्प्रिंगच्या रायफलीसाठी बनवलेलीच असावी. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि दट्ट्या थांबताना पुढे, असा दुहेरी झटका देते, आणि मोठ्या बंदुकांवर वर्षानुवर्षे टिकणारी दुर्बीण या उलट्या झटक्याने काही दिवसांत खिळखिळी होऊ शकते. दहा मीटरवरही चित्र स्पष्ट दिसेल अशी जुळवणी तिच्यात असली पाहिजे. पहिले काही महिने मात्र उघड्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर आणि मागच्या खाचेवर काढावेत, असे मी सुचवेन. दुर्बिणीत स्वतःचा थरथराट मोठा होऊन दिसतो आणि नवखा माणूस तो थांबवण्याच्या खटपटीत चाप हिसकतो.

छर्रे

रायफलींचे दोन व्यास सर्वाधिक चालतात, ४.५ मिलिमीटर आणि ५.५ मिलिमीटर. कागदी नेमबाजीला ४.५ चा छर्रा पुरतो आणि जागतिक स्पर्धाही त्यावरच होतात. शिकारीसाठी कोणता चांगला यावर नेमबाजांचे वाद मिटत नाहीत, पण त्यामागचे गणित सरळ आहे. ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा निम्मा भाग गुणिले वेगाचा वर्ग. ०.५४ ग्रॅमचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटला तर त्याच्याजवळ सुमारे १५.५ ज्यूल ऊर्जा असते, आणि ०.९३ ग्रॅमचा ५.५ चा छर्रा १८३ मीटर वेगाने सुटला तरी ऊर्जा जवळपास तितकीच येते. म्हणजे ताकद तीच, पण लहान छर्रा वेगवान असल्याने त्याचा मार्ग अधिक सपाट राहतो आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी तो सांभाळून घेतो. मोठा छर्रा लवकर खाली झुकतो, पण लागल्यावर अधिक रुंद जखम करतो. माझा कल लहान छर्ऱ्याकडे आहे, कारण नवख्याच्या हातून अंतराचा अंदाजच आधी चुकतो.

छर्ऱ्याच्या टोकाचा आकार कामाप्रमाणे निवडावा. चपट्या टोकाचा छर्रा कागदात नीट कापलेले गोल भोक पाडतो आणि त्यामुळे गुण मोजणे सोपे जाते. दहा मीटरच्या स्पर्धेत तोच वापरतात. पंधरा-वीस मीटरच्या पुढे घुमटाकार टोकाचा छर्रा वारा आणि हवेचा अडथळा उत्तम कापतो. टोकदार आणि पोकळ टोकाचे छर्रे दुकानात आकर्षक दिसतात, पण अचूकतेत ते साध्या घुमटाकार छर्ऱ्याच्या मागेच राहतात. कोणता छर्रा आपल्या रायफलीला मानवतो हे आधी सांगता येत नाही. एकाच कारखान्याच्या दोन रायफलीही वेगवेगळ्या छर्ऱ्यांवर खूश असतात. म्हणून चार-पाच प्रकारच्या डब्या आणून प्रत्येक प्रकाराचे पाच-पाच बारांचे तीन ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर काढलेल्या बारांच्या भोकांचे पुंजके, काढावेत आणि ज्याचे ग्रुप सर्वांत आवळ येतील तो छर्रा ठरवून टाकावा. छर्ऱ्यासाठी बनवलेल्या, आतून पिळाचे चर असलेल्या नळीत पोलादी गोळ्या घालू नयेत.

सरावाची जागा आणि हाताच्या सवयी

दहा मीटर जागा मिळाली तरी पुरते. महत्त्वाचा असतो तो लक्ष्यामागचा आडोसा. रबराच्या तुकड्यांनी किंवा जुन्या कपड्यांनी घट्ट भरलेली, मागे जाड पोलादी पत्रा असलेली पेटी छर्रे शांतपणे गिळते. उघडी विटांची भिंत, दगड किंवा कठीण लाकूड यांवरून छर्रा थेट नेमबाजाकडे परत येऊ शकतो, म्हणून नेमबाजाने आणि जवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाने संरक्षक चष्मा लावलाच पाहिजे. पेटीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना, चुकलेला छर्रा जाईल तिथवर, माणसाचा किंवा जनावराचा वावर नसावा, आणि त्या दिशेला एखादे दार उघडत असेल तर ते आतून बंद करून ठेवावे.

रायफल भरलेली आहे असेच नेहमी धरून चालावे, नळीचे तोंड कोणाकडेही वळू देऊ नये, आणि लक्ष्यावर नेम धरून होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. स्प्रिंगच्या रायफलीला याखेरीज तिची स्वतःची काही पथ्ये आहेत. छर्रा घालताना वाकवलेली नळी एका हाताने घट्ट धरून ठेवावी, कारण आतली अडकण सुटली तर नळी जोराने मिटते आणि मध्ये सापडलेले बोट मोडू शकते. छर्रा न घालता चाप ओढू नये. पुढे छर्ऱ्याचा अडसर नसला की दट्ट्या हवेची गादी न मिळता नळकांड्याच्या टोकावर आदळतो आणि स्प्रिंग व दट्ट्याच्या तोंडावरची, हवा अडवणारी चकती खराब होते. दट्ट्यासमोर साधे तेलही सोडू नये, कारण दाबलेल्या गरम हवेत ते पेटते, मोठा आवाज होतो, धूर निघतो आणि छर्ऱ्याचा वेग दर बाराला बदलत राहतो.

धरणे, श्वास आणि चाप

सुरुवात उभ्याने करू नये. टेबलाशी बसून, पुढचा हात वाळूच्या पिशवीवर टेकवून सराव सुरू करावा. स्प्रिंगची रायफल पिशवीवर किंवा लाकडी ठोकळ्यावर थेट ठेवली तर ती उसळते आणि छर्रा वर लागतो, म्हणून पिशवीवर हात आणि उघड्या तळहातावर रायफल, असा क्रम ठेवावा. तिला आवळून धरू नये. झटका सुरू होतो तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो, आणि दर बाराला पकडीचा जोर बदलला तर रायफल दर बाराला निराळी हलते. तिला तळहातावर सैल सोडली आणि ती दरवेळी सारखीच हलू दिली, की छर्रेही एकाच जागी पडू लागतात. बंदूक खांद्यात घट्ट दाबून धरण्याची ज्यांना इतरत्र सवय झालेली असते, त्यांना हे पटायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

बसल्यावर लक्ष्यावर नेम धरावा, डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. नेम बाजूला सरकलेला दिसला तर हातांनी रायफल ओढून आणू नये. बसायची जागा किंवा पायांची दिशा बदलून पूर्ण शरीर वळवावे. स्नायूंनी ताणून धरलेला नेम चाप ओढताच मूळ जागी परत जातो. कोणता डोळा प्रबळ आहे हेही एकदा तपासावे : दोन्ही हातांच्या पंजांमध्ये लहानशी खिडकी करून दूरच्या वस्तूकडे पाहावे आणि एकेक डोळा मिटावा, ज्या डोळ्याने वस्तू खिडकीतच राहते तो प्रबळ. तो डोळा आणि खांदा एकाच बाजूचे असावेत.

श्वास सोडल्यावर पुढचा घेण्याआधी शरीर क्षणभर आपोआप स्थिर होते, त्या विरामात बार काढावा. पाच-सहा सेकंदांत बार निघाला नाही तर रायफल खाली घ्यावी आणि नव्याने सुरुवात करावी. श्वास रोखून ताटकळत राहिले की डोळ्यापुढचे चित्र धूसर होते आणि माणूस घाईत चाप खेचतो. चाप बोटाच्या पहिल्या पेराच्या मऊ भागाने, सरळ मागे, हळूहळू दाब वाढवत ओढावा, इतका हळू की बार कोणत्या क्षणी निघाला याचे स्वतःलाच थोडे आश्चर्य वाटावे. बार निघाल्यावरही एक-दोन सेकंद तसेच राहावे, डोळा नेमावरून काढू नये आणि बोट सैल करू नये. स्प्रिंगच्या रायफलीत चाप सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत टाकीच्या रायफलीपेक्षा अधिक वेळ जातो, आणि कुठे लागले ते पाहायला मान उचलली की त्या वेळेतच नेम बिघडतो.

आठवड्यातून एकदा दोनशे बार काढण्यापेक्षा रोज तीस बार अधिक शिकवतात. पाच बारांचा ग्रुप काढावा, मग थांबून कागद पाहावा. वर-खाली लांबलेला ग्रुप बहुतेकदा श्वासाची किंवा सैल-घट्ट पकडीची चूक सांगतो, आडवा लांबलेला ग्रुप चापाची किंवा शरीराच्या दिशेची. ग्रुप आवळ पण केंद्रापासून दूर असेल तर ती नेमबाजाची चूक नाही, तिथे दुर्बिणीचे स्क्रू फिरवायचे असतात, आणि तेही एका छर्ऱ्यावरून नाही तर किमान पाच बारांच्या मध्यावरून. हातातला छंद कुठपर्यंत जाऊ शकतो हे समजून घ्यायचे असेल तर ऑलिम्पिकची दहा मीटरची स्पर्धा पाहावी. १९८४ पासून ती ऑलिम्पिकमध्ये आहे, तिथे नेमबाज उभ्याने, दुर्बिणीविना साठ बार काढतात, आणि दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

अंतराचे गणित

दहा मीटरवर ग्रुप आवळ येऊ लागले की मोकळ्या, सुरक्षित जागेत वीस, तीस आणि चाळीस मीटरवर कागद लावावेत. इथे बहुतेकांचा अंदाज पहिल्यांदा कोलमडतो. छर्रा सरळ रेषेत जात नाही; नळीतून सुटताक्षणीच तो पडू लागतो, आणि दुर्बीण नळीच्या साधारण चार सेंटिमीटर वर असल्यामुळे नजरेची रेषा व छर्ऱ्याची वाट दोन ठिकाणी एकमेकांना छेदतात. वर सांगितलेल्या २४० मीटर वेगाच्या छर्ऱ्यासाठी रायफल तीस मीटरवर जुळवली, म्हणजे तिथे छर्रा नेमक्या नेमावर बसेल अशी दुर्बीण लावली, तर दहा मीटरवर तो नेमाच्या जवळजवळ बरोबर, वीस मीटरवर एक-सव्वा सेंटिमीटर वर आणि चाळीस मीटरवर चारेक सेंटिमीटर खाली लागतो. सावजाच्या मेंदूची जागा अडीच-तीन सेंटिमीटरची असते हे लक्षात घेतले, म्हणजे तीस आणि चाळीस मीटरमधला फरक न ओळखणारा माणूस नेम उत्तम असूनही प्राण्याला जबड्यात किंवा मानेत जखमी करील, हे उघड आहे. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने आपल्या रायफलीचे आकडे आपल्याच छर्ऱ्याने, दर पाच मीटरवर ग्रुप काढून मिळवावेत आणि दस्त्यावर चिकटवून ठेवावेत.

अंतर डोळ्याने ओळखण्याचा सराव रायफल बरोबर नसतानाही करता येतो : चालताना एखाद्या झाडाचे किंवा खांबाचे अंतर मनात ठरवावे आणि मग पावलांनी मोजावे. लेझरने अंतर मोजणारे उपकरण घेतले तर उत्तमच, पण अंदाजाची सवय मोडू देऊ नये. रायफल एका बाजूला कललेली असेल तर छर्रा त्या बाजूला आणि खाली जातो, आणि अंतर वाढेल तशी ही चूक वाढते. वाऱ्याचे तसेच आहे. आडव्या वाऱ्यात तीस मीटरवर छर्रा किती सरकतो हे एकदा कागदावर पाहिले की झुळूक सुटल्यावर थांबायला कोणी सांगावे लागत नाही.

हे सगळे कौशल्य कोणाही प्राण्याला न मारता वापरायचे असेल तर फील्ड टार्गेट हा खेळ त्यासाठीच आहे. ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास सुरू झालेल्या या खेळात प्राण्यांच्या आकाराचे लोखंडी पत्रे साधारण आठ ते पन्नास मीटरच्या दरम्यान, अंतर न सांगता उभे केलेले असतात. पत्र्यातल्या काही सेंटिमीटरच्या गोल भोकातून छर्रा मागच्या पट्टीवर लागला तरच पत्रा पडतो. कडेला लागला तर तो नुसता वाजतो. शिकारीत जी चूक प्राण्याला भोगावी लागते ती इथे एका गुणावर भागते.

सावज

जिथे कायदा आणि जमीनमालक दोघांचीही परवानगी आहे तिथे एअर रायफलने मारण्याजोगे प्राणी मोजकेच : ससे, उंदीर-घुशी, पिकांची नासाडी करणारी कबुतरे आणि काही ठिकाणी खारी. सोळा ज्यूलच्या आसपासची रायफल सशासाठी पंचवीस-तीस मीटरपर्यंत पुरते, पण छर्रा डोक्यावरच मारला तर. अंगावर मारलेला छर्रा सशाला पळून जाऊन बिळात मरण्याइतकीच जखम करतो. आठ ज्यूलची कागदी नेमबाजीची रायफल शिकारीला आणूच नये.

आपली मर्यादा ठरवण्यासाठी पंचवीस मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढलेला कागद मोकळ्या जागेत लावावा, ज्या स्थितीत शिकारीत बसणार किंवा उभे राहणार त्याच स्थितीत, थोडे चालून आल्यानंतर, दहा बार काढावेत. दहाच्या दहा छर्रे वर्तुळात पडतील ते सर्वांत लांबचे अंतर म्हणजे आपली मर्यादा. टेबलावर पिशवीच्या आधाराने मिळालेले अंतर इथे धरू नये, आणि दहापैकी नऊ बसले म्हणून स्वतःला सूट देऊ नये. बहुतेकांचे हे अंतर पहिल्या वर्षी वीस मीटरच्या आतच निघते. त्यात कमीपणा नाही. मग वीस मीटरपर्यंत जवळ जायचे शिकावे लागते, आणि खरी शिकार तीच असते.

सशांच्या कुरणाच्या कडेला, वारा आपल्याकडे येत असेल अशा बाजूला, संध्याकाळच्या तासभर आधी जाऊन बसावे. पाठीमागे झुडूप असावे म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर आपली आकृती उठून दिसत नाही. हालचाल करायचीच तर सावज खाली मान घालून चरत असताना करावी. नेम बाजूने, डोळा आणि कानाचे मूळ यांच्या मधोमध धरावा. सावज पळते किंवा उडते असेल, गवताची पाती अथवा फांदी मध्ये असेल, किंवा प्राणी तोंड फिरवून बसला असेल तर थांबावे. छर्रा इतका हलका असतो की काडीनेही तो वळतो. सावजामागे मातीचा उतार किंवा बांध असल्याशिवाय बार काढू नये. फांदीवरच्या पक्ष्याला खालून मारताना चुकलेला छर्रा आकाशात जातो आणि तो कुठे उतरेल हे कोणालाच ठाऊक नसते. पिल्ले पोसण्याच्या दिवसांत मादी मारली तर बिळातली पिल्ले उपाशी मरतात, त्यामुळे कायद्याने बंदी नसली तरी ते दिवस सोडून द्यावेत.

बार लागल्यावर लगेच धावत जाऊ नये. आधी रायफल पुन्हा भरावी, सावजावर नजर ठेवावी, मग मागून जवळ जावे आणि काडीने डोळ्याला हलकेच स्पर्श करून पाहावा; पापणी हलली तर दुसरा बार ताबडतोब, अगदी जवळून, डोक्यात द्यावा. जखमी सावज पळाले तर त्या दिवशीची शिकार तिथेच थांबवून ते सापडेपर्यंत शोधावे.

खाण्यासाठी मारलेला ससा लवकर साफ करावा. हातमोजे घालावेत, कारण सशांपासून माणसाला टुलरेमिया हा आजार होऊ शकतो. डोळे सुजलेला, सुस्त किंवा यकृतावर पांढरे ठिपके असलेला ससा खाऊ नये. उंदीर आणि घुशी हातमोज्यांशिवाय हाताळूच नयेत. त्यांच्या मुत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि विष खाल्लेला उंदीर मांजराच्या किंवा घारीच्या पोटात गेला तर तीही दगावते. छर्रे बहुधा शिशाचे असतात, त्यामुळे जखमेभोवतीचे मांस कापून टाकावे, छर्रे तोंडात धरू नयेत, आणि नेमबाजी असो वा शिकार, संपल्यावर जेवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. शिसे नको असेल तर कथिलाच्या मिश्रधातूचे छर्रे मिळतात. ते हलके असल्याने त्यांच्यासाठी अंतराचा तक्ता नव्याने करावा लागतो.

घरी परतताना रायफल भरलेली ठेवू नये. शेवटचा छर्रा मऊ मातीत सोडून द्यावा आणि स्प्रिंग तासन् तास ताणून ठेवू नये, ती हळूहळू मरते. नळी बाहेरून तेलाच्या फडक्याने पुसावी, घामाच्या हाताचे ठसे एका रात्रीत गंजतात. रायफल कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात आणि दोन्हींच्या किल्ल्या मुलांना सापडणार नाहीत अशा ठिकाणी असाव्यात. झोपण्यापूर्वी वहीत त्या दिवसाचे अंतर, वारा, छर्ऱ्याचा प्रकार आणि चुकलेले बार लिहून ठेवावेत. जखमी होऊन निसटलेले सावज असेल तर ते कोणत्या अंतरावर निसटले तेही लिहावे आणि पुढच्या वेळी निघण्यापूर्वी त्या अंतरावर पुन्हा कागद लावावा.